‘बी’ची गावे : एका डॅनिश शब्दाचा ब्रिटनमधला माग

२०१६ च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या पुस्तकांच्या दुकानांत एका डॅनिश शब्दाची लाट आली होती. मेणबत्त्या, लोकरी मोजे, जिवलगांची बैठक आणि घरातली ऊब हे सगळे एका दमात सांगणारा ‘हुग्गे’ हा तो शब्द. कॉलिन्स शब्दकोशाने वर्षाच्या ठळक शब्दांत ‘ब्रेक्झिट’च्या पंगतीला त्यालाही बसवले. काही हिवाळ्यांत ती हौस ओसरली. ब्रिटनमध्ये अकराशे वर्षांपूर्वी येऊन ठाण मांडलेला आणि आजही हललेला नसलेला एक डॅनिश शब्द मात्र वेगळाच आहे. डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी, सेल्बी, लॉकरबी या नावांच्या शेपटाला जो ‘बी’ दिसतो, तो हा शब्द. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी धावते तेव्हा मुंबईकरही तो उच्चारतात. शर्यतीला नाव अर्ल ऑफ डर्बीचे, अर्लला नाव गावाचे आणि गावाचे नाव डॅनिश.

इंग्लंडमध्ये अशी ‘बी’कारान्त गावे आठशेच्या वर आहेत. यॉर्कशर आणि लिंकनशर या दोन परगण्यांतच प्रत्येकी दोनशेहून अधिक. ती पाहिली की साहजिक प्रश्न पडतो : नवव्या-दहाव्या शतकात समुद्रापलीकडून किती डॅनिश माणसे येऊन इथे राहिली? सैन्यातले मूठभर सरदार आले आणि त्यांनी गावांना आपली नावे दिली, की बायकामुलांसह शेतकरी आले आणि त्यांनी नांगर धरला? या प्रश्नावर इतिहासकार, भाषाशास्त्रज्ञ, पुरातत्त्ववाले आणि अलीकडे जनुकशास्त्रज्ञ असे चौघेही हिरिरीने भांडत आले आहेत. त्या भांडणाचा हा आढावा.

शब्दाचे घराणे

आजच्या डॅनिश भाषेत ‘बी’ म्हणजे शहर. लिहिताना तो ‘बाय’सारखा दिसतो, उच्चारताना ओठांचा चंबू करून ‘बी’ म्हणावे लागते. खेड्याला डॅनिश माणूस ‘लान्सबी’, म्हणजे मुलखातले गाव, म्हणतो. नॉर्वेतही हा शब्द शहराचाच. शेजारच्या स्वीडनमध्ये मात्र तोच शब्द खेड्यासाठी वापरतात आणि आइसलंडमध्ये त्याचा भाऊबंद असलेला ‘बैर’ शेतावरच्या एकट्या घरालाही चालतो. एकाच शब्दाची चार सख्खी घरे आणि अर्थ शेतघरापासून महानगरापर्यंत. त्यामुळे इंग्लंडमधल्या एखाद्या ‘बी’चा मूळ अर्थ वाडी, वस्ती की भरले गाव, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. तिथली जमीन, पहिली नोंद आणि शेजारची गावे पाहूनच ते ठरवावे लागते.

शब्दाचे मूळ ‘बूआ’ म्हणजे राहणे, वसणे या जुन्या नॉर्स, म्हणजे या चारही भाषांच्या पूर्वज भाषेतल्या, क्रियापदात आहे. बांधण्यासाठीचे जर्मन क्रियापद ‘बाउएन’ त्याच कुळातले. इंग्रजीतला ‘हजबंड’ म्हणजे मुळात ‘हूसबोंदी’, घर धरून राहणारा, घरधनी. त्यातल्या ‘बोंदी’तही हेच ‘बूआ’ आहे. आणखी मागे गेले की हे घराणे संस्कृत ‘भू’ धातूला येऊन मिळते. ‘भवति’मधला भू, ‘भूमी’मधला भू आणि राहण्याची जागा या अर्थाच्या ‘भवन’मधलाही तोच. ग्रिम्सबी हे ग्रिमचे भवन म्हटले तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने फारसे चुकत नाही.

हा शब्द आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सूचनाफलकापर्यंतही आलेला आहे, तो ‘बायलॉज’मधून. यातला ‘लॉ’ हा शब्दच मुळात नॉर्स. ‘लोग’ म्हणजे घालून दिलेल्या गोष्टी. आपण ‘घालून दिलेले नियम’ म्हणतो त्याच धाटणीचा. उत्तर इंग्लंडमध्ये गावकीने गावापुरत्या ठरवलेल्या कायद्याला ‘बिरलॉ’ म्हणत, म्हणजे ‘बी’चा, गावाचा कायदा. शेफील्ड शहरात सामावलेल्या ‘एकल्सॉल बिरलो’ आणि ‘ब्राइटसाइड बिरलो’ या जुन्या वस्त्यांच्या नावांत तो टिकून आहे. पुढे इंग्रज या ‘बी’चा अर्थ विसरले. बाजूचा, दुय्यम या अर्थाचा आपला ‘बाय’ त्यांनी त्यात वाचला आणि गावकीचा कायदा हा दुय्यम कायदा झाला. मराठीने ‘उपविधी’ असा प्रतिशब्द केला तो या दुसऱ्या समजुतीवरून. मूळ धरून चालायचे तर ‘गावकीचे नियम’ म्हणायला हवे होते.

नकाशा आणि त्यातले सापळे

८६५ मध्ये एक मोठे व्हायकिंग सैन्य पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. पुढच्याच वर्षी त्याने यॉर्क घेतले. आधीच्या टोळ्या लूट घेऊन परतत. हे सैन्य हिवाळ्यातही मुक्काम करून राहिले, ८७२ मध्ये ट्रेंट नदीकाठी टॉर्क्सीला आणि त्याच्या पुढच्या वर्षी रेप्टनला. ८७६ ची नोंद करताना अँग्लो-सॅक्सन बखर सांगते की हाफडान या सरदाराने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटली आणि ते लोक नांगरट करून पोट भरू लागले. ८७७ मध्ये मर्सियाच्या एका भागाची आणि ८८० मध्ये ईस्ट अँग्लियाची अशीच वाटणी झाली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डॅनिश राजा गुथ्रुम यांच्या तहात हद्द आखली गेली : टेम्स नदीने वर, मग ली नदीने तिच्या उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्डला आणि पुढे ऊज नदीने वॉटलिंग स्ट्रीट या रोमन रस्त्यापर्यंत. या हद्दीच्या उत्तर-पूर्वेच्या मुलखाला पुढे ‘डेनलॉ’, म्हणजे डॅनिश कायद्याचा मुलूख, असे नाव पडले.

‘बी’ची गावे नकाशावर टिंबांनी दाखवली की ती बहुतांशी या मुलखातच येतात. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर ‘गोल्डन माइल’ला साड्या आणि दागिने घ्यायला जाणाऱ्या भारतीयांभोवती हा इतिहास पसरलेला आहे. भारतीय वस्ती मोठी असलेले ओडबी उपनगर, शेजारची ब्लेबी, एंडरबी, ग्रूबी, रॅट्बी ही सगळी डॅनिश नावे. शहरातल्या ‘बेलग्रेव्ह गेट’ला कुठलाही दरवाजा नाही. तो ‘गेट’ म्हणजे नॉर्स ‘गाता’, रस्ता. यॉर्कमध्ये तर जुन्या शहराचे पुष्कळ रस्ते ‘गेट’ आहेत. त्यांपैकी कॉपरगेटला १९७६ ते १९८१ मध्ये उत्खनन झाले, तिथे लाकडाचे कप-वाडगे करणाऱ्या कारागिरांची वस्ती निघाली आणि त्याच जागी १९८४ मध्ये योर्विक संग्रहालय उभे राहिले.

काही नावे शेजाऱ्यांची ओळख सांगतात. इंगल्बी म्हणजे इंग्रजांचे गाव, डॅनबी डेनांचे, नॉर्मनबी नॉर्वेवाल्यांचे, ब्रेटबी ब्रिटनांचे, आयर्बी आयरिश लोकांचे. लेस्टरशरमधले फ्रिस्बी हे फ्रिझियनांचे. या गावावरून आलेले आडनाव अमेरिकेत एका बेकरीवाल्याकडे होते, त्याच्या ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या पत्र्याच्या थाळ्या पोरे हवेत भिरकावत आणि त्यातून खेळण्यातली फ्रिस्बी आली. ‘इंग्रजांचे गाव’ असे वेगळे सांगावे लागते, म्हणजे आजूबाजूला इंग्रज नसलेले बरेच असले पाहिजेत, असा तर्क इथे होतो. डर्बीशरमधल्या इंगल्बीजवळ हीथ वुडमध्ये ५९ टेकाडांची व्हायकिंग दहनभूमी आहे. एवढी मोठी स्कँडिनेव्हियन दहनभूमी ब्रिटनमध्ये दुसरी सापडलेली नाही. इंग्रज ख्रिस्ती असल्याने प्रेत पुरत, जाळत नसत. तेव्हा त्या परिसरात ‘हे गाव इंग्रजांचे’ असे वेगळे ओळखायला कारण होते.

या नकाशात सापळेही आहेत. वेल्समधले टेनबी डॅनिश नाही. ते ‘दिनबिख’ या वेल्श नावाचे रूप, अर्थ छोटा किल्ला. ज्या गावाने खेळाला नाव दिले ते रग्बीही मूळचे ‘बी’ नाही. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत ते ‘रोखेबेरी’ आहे, म्हणजे शेवटी तटबंदीच्या ठाण्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द. आजूबाजूला ‘बी’ इतके झाले की त्याचेही शेपूट बदलले. कार्लाइल शहराभोवती बोचरबी, हॅराबी, अ‍ॅग्लिअन्बी अशी नावे आहेत, पण त्यांच्या पूर्वपदांत नॉर्मन-फ्रेंच काळातली माणसे आहेत. १०९२ मध्ये नॉर्मन राजाने कार्लाइल घेतल्यावर आलेल्या वसाहतवाल्यांची ती गावे. स्कॉटलंडमधले लॉकरबी, १९८८ च्या विमानस्फोटामुळे जगाला माहीत झालेले, याच पट्ट्याच्या पलीकडचे. म्हणजे डॅनिश राज्य बुडून दीड शतक झाल्यावरही त्या भागात नवे गाव वसले की त्याला ‘बी’ लागत होते. जिथे ‘बी’ तिथे डेन, हे समीकरण या नावांवर अडते.

सैन्य की शेतकरी

या नावांची पद्धतशीर दखल पहिल्यांदा घेतली ती एका डेनने. येन्स याकोब वर्सो या पुरातत्त्वज्ञाने १८४६-४७ मध्ये ब्रिटनचा दौरा केला. त्याचे पुस्तक १८५२ मध्ये इंग्रजीत आले. इंग्रजांच्या स्वातंत्र्यप्रेमात आणि दर्यावर्दीपणात डॅनिश रक्ताचा मोठा वाटा आहे, असा त्याचा सूर होता. व्हिक्टोरियन इंग्लंडलाही तो गोड लागला, कारण साम्राज्य चालवणाऱ्या समाजाला समुद्र गाजवणारे पूर्वज हवेच होते.

विसाव्या शतकात हे काम हौसेतून शिस्तीत आले. १९२३ मध्ये इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी स्थापन झाली आणि एकेका परगण्याची नावे, त्यांची जुनी रूपे, शेतांच्या नावांसकट छापू लागली. याच पिढीतला फ्रँक स्टेंटन हा इतिहासकार डेनलॉच्या प्रश्नावर बराच काळ प्रमाण मानला गेला. १९४३ च्या त्याच्या ग्रंथात चित्र स्पष्ट आहे : सैन्य मोठे होते, ते मोडून सैनिक शेतकरी झाले आणि त्यांच्या वस्त्या म्हणजे ‘बी’. डूम्सडेत लिंकनशरच्या नोंदलेल्या शेतकऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ‘सोकमन’, म्हणजे बऱ्यापैकी मोकळे खातेदार आहेत. स्टेंटनला ते त्या सैनिकांचे वंशज वाटले.

या चित्राला पहिला धक्का पीटर सॉयर याने दिला. १९५८ चा त्याचा लेख आणि १९६२ चे पुस्तक यांनी व्हायकिंग अभ्यासाची हवा बदलली. बखरींतले जहाजांचे आकडे फुगवलेले आहेत, ‘मोठे सैन्य’ म्हणजे फार तर काहीशे माणसे, आणि गावाचे नाव बदलायला गावकरी बदलावे लागत नाहीत, मालक बदलला तरी पुरते, हे त्याचे म्हणणे. पुरावाही हाताशी होता. दहाव्या शतकाच्या अखेरीस एथेलवेर्ड या इंग्रज उमरावाने बखर लिहिताना नोंदवले की नॉर्थवर्थिग या गावाला डॅनिश भाषेत डर्बी म्हणतात. गाव जुनेच, नाव नवे. व्हिटबीही तसेच. ईस्टरची तारीख कशी ठरवायची यावर ६६४ मध्ये जिथे गाजलेली धर्मसभा भरली, ते बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथातले स्ट्रेओनेस्हाल्ख पुढे व्हिटबी झाले. मराठी वाचकाला हे सांगायला नको. खडकीचे फतेहनगर झाले आणि मग औरंगाबाद झाले तेव्हा गावातली माणसे उठून गेली नव्हती.

उत्तर आले नॉटिंगहॅमहून. केनेथ कॅमेरॉन याने प्राध्यापकपद स्वीकारताना दिलेल्या १९६५ च्या व्याख्यानात गावांचा नकाशा मातीच्या नकाशावर ठेवला. जुनी इंग्रजी नावे असलेली गावे सुपीक, सोयीच्या जमिनीवर होती. ‘बी’ची पुष्कळ गावे लहान ओढ्यांच्या काठी, वाळू-खडीच्या तुकड्यांवर, म्हणजे आधी कोणी न घेतलेल्या जागी होती. सरदाराने गाव बळकावले असते तर त्याने चांगलेच बळकावले असते. उरलेसुरले रान मोडून शेती करतो तो शेतकरी. तेव्हा सैन्याच्या आडोशाने मागाहून शेतकऱ्यांची दुसरी लाट आली असली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष.

हा सिद्धांत बारकाईने तपासला तो कोपनहेगनला राहून काम करणाऱ्या गिलियन फेलोज-येन्सन यांनी. यॉर्कशर, ईस्ट मिडलंड्स आणि वायव्य इंग्लंड यांवरचे त्यांचे ग्रंथ १९७२, १९७८ आणि १९८५ मध्ये आले. इंग्लंडमधल्या ‘बी’ गावांच्या पूर्वपदांत माणसांची नावे फार आहेत : ग्रिम, ओर्म, थोर्मोद. खुद्द डेन्मार्कमध्ये मात्र ‘बी’ला व्यक्तिनाम लागणे दुर्मीळ. म्हणजे इथल्या ‘बी’चा जन्म वेगळ्या परिस्थितीत झाला. मोठ्या मठांच्या आणि राजांच्या इंग्रजी जहागिऱ्या फुटल्या, तुकडे एकेका माणसाच्या खासगी मालकीचे झाले आणि तुकड्याला मालकाचे नाव मिळाले. पुष्कळ ‘बी’ ही जुनीच इंग्रजी गावे आहेत, असे त्यांचे मत बनत गेले. ‘कर्कबी’, म्हणजे देऊळ असलेले गाव, हे त्याचे ठळक उदाहरण. नुकतेच आलेले डेन ख्रिस्ती नव्हते. तेव्हा देऊळ आधीचे आणि गावही आधीचे.

मॅग्ना-पार्वा आणि खुर्द-बुद्रुक

इथपर्यंत सॉयरचे पारडे जड दिसते. ते किती जड, हे तोलायला आपल्याकडचा एक दाखला उपयोगी पडतो. पुण्यात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहे, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहे. बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’, मोठे. खुर्द म्हणजे लहान. महाराष्ट्रात अशा जोड्या मुबलक आहेत. त्यांवरून पुढच्या एखाद्या संशोधकाने या गावांत फारसी बोलणारे शेतकरी राहत होते असे लिहिले तर आपण हसू. ही नावे सरकारी दप्तरातून आली. महसुलाची भाषा फारसी होती, एकाच नावाची दोन गावे कागदावर वेगळी ओळखायची होती, म्हणून कारकुनाने शेपूट लावले आणि ते रुळले.

नेमकी अशीच जोडी लेस्टरशरमध्ये आहे : अ‍ॅशबी मॅग्ना आणि अ‍ॅशबी पार्वा. मॅग्ना, पार्वा हे लॅटिन. अर्थ मोठे आणि लहान. लॅटिन बोलणारा शेतकरी तिथे कधी नव्हता, लॅटिन लिहिणारा कारकून होता. त्याच परगण्यातल्या अ‍ॅशबी-दि-ला-झूचला एका जमीनदार घराण्याचे नाव चिकटले आहे. या गावांच्या नावांत ‘अ‍ॅश’ झाडाचे, ‘बी’ डॅनिश, मॅग्ना लॅटिन आणि झूच फ्रेंच. चार थरांतले शेवटचे दोन नक्की वरून लादलेले. मग ‘बी’चा थरही तसाच वरून आला, की खालून?

इथे तुलनेचा उपयोग संपत नाही, तो सुरू होतो. बुद्रुकच्या बाबतीत फारसी शेपटालाच थांबली. वडगाव बुद्रुकच्या शिवारात ओढा, माळ, टेकडी, बांध, पांढरी, काळी यांना फारसी नावे पडली नाहीत. नाव वरून आले तर ते गावाच्या वेशीवर अडते. ‘बी’च्या मुलखात काय झाले, हे पाहण्यासाठी वेशीच्या आत जावे लागते.

आत गेले की चित्र पालटते. लिंकनशर-यॉर्कशरच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या जमिनीच्या कागदांत ओढा ‘बेक’ आहे, पाणथळ झाडीची जागा ‘कार’, दलदलीतला उंचवटा ‘होम’, कुरण ‘इंग’, घराची जागा ‘टॉफ्ट’, शेताचा तुकडा ‘वाँग’. हे सगळे शब्द नॉर्स. ते राजाने दिले नाहीत, कारण राजाला आणि जमीनदाराला ओढ्याकाठच्या एखाद्या तुकड्याचे नाव ठाऊकही नसते. ते तिथे बैल हाकणाऱ्यांनी दिले. गावाच्या नावातही व्याकरणाचा एक धागा अडकून राहतो. यॉर्कशरमधले हेल्परबी हे ‘ह्याल्प’ या स्त्रीच्या नावावरून. त्यातला ‘अर’ हा जुन्या नॉर्समधला षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चे’सारखा. नुसते नाम उसने घेता येते; दुसऱ्या भाषेचा विभक्तिप्रत्यय जागेवर नीट लावायला ती भाषा बोलावी लागते. लेस्ली एब्रम्स आणि डेव्हिड पार्सन्स यांनी २००४ मध्ये हाच मुद्दा पुढे केला. एवढी नावे, एवढ्या अचूक नॉर्स रूपांत, मूठभर सरदारांकडून निघणे शक्य नाही. त्यांच्या मागे नॉर्स बोलणारी भरघोस वस्ती हवी.

माती आणि रक्त

पुरातत्त्वाने बराच काळ या वादात सॉयरची बाजू घेतली होती, कारण जमिनीत डेन फारसे सापडत नव्हते. चित्र बदलले ते धातुशोधकांमुळे. शेतात यंत्र फिरवणाऱ्या हौशी लोकांना जे मिळते त्याची नोंद ठेवण्याची पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ मध्ये सुरू झाली आणि पूर्व इंग्लंडच्या शेतांतून व्हायकिंग काळातल्या किरकोळ वस्तूंचा पूर आला. जेन कर्शॉ यांनी २०१३ च्या पुस्तकात त्यातले स्त्रियांचे दागिने तपासले. स्कँडिनेव्हियन धाटणीच्या पिना आणि पदके शेकड्यांनी निघाली. त्यांतल्या काहींचा घाट इंग्रजी होता आणि नक्षी डॅनिश, काही पूर्णपणे मायदेशी वळणाच्या. लुटीला निघालेले सैन्य बायकांच्या साध्या, स्वस्त पिना बरोबर आणून खेड्यापाड्यांत हरवत नाही. बायका आल्या होत्या, संसार झाले होते.

सैन्याचा आकडाही पुन्हा वाढला. डॉन हॅडली आणि ज्युलियन रिचर्ड्स यांनी टॉर्क्सीच्या हिवाळी छावणीची पाहणी केली तेव्हा ती सुमारे ५५ हेक्टरवर पसरलेली निघाली, म्हणजे जवळजवळ १३५ एकर. तिथे वजने, अरबी चांदीच्या नाण्यांचे तुकडे, जहाजाचे खिळे, पटावरच्या खेळांच्या सोंगट्या असे सापडले. शेकड्यांचा जमाव एवढी जागा व्यापत नाही. ती हजारोंची फिरती वस्ती होती आणि तिच्यात सोनार, लोहार, व्यापारीही होते.

जनुकशास्त्राने मात्र आधी उलटीच साक्ष दिली. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच ग्रामीण भागातले होते अशा २०३९ ब्रिटिशांच्या जनुकांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये २०१५ साली आला. डेनलॉमध्ये डॅनिश वस्तीचा स्पष्ट ठसा दिसत नाही, असे त्यात होते. वृत्तपत्रांनी लगेच जाहीर केले की व्हायकिंग लुटून गेले, राहिले नाहीत. २०१६ मध्ये कर्शॉ आणि एलन रोइरविक यांनी त्याला उत्तर दिले. पाचव्या-सहाव्या शतकात आलेले अँगल लोक मुळात जटलंडच्या पायथ्याचे, डेनांचे शेजारी. एका शेजाऱ्याचे रक्त आधीच मिसळलेल्या मुलखात चारशे वर्षांनी दुसरा शेजारी आला, तर त्याचा वेगळा ठसा दिसणार कसा? नवा ठसा न दिसण्याचा अर्थ माणसे न येणे असा होत नाही. त्यांचा स्वतःचा अंदाज वीस ते पस्तीस हजार माणसांचा. त्या काळच्या लोकसंख्येत हे थोडे नाही आणि मुलूख रिकामा करून भरण्याइतकेही नाही.

बोलीने दिलेली साक्ष

गावांच्या नावांतून निघून रोजच्या इंग्रजीत शिरले की या अंदाजाला वेगळे बळ मिळते. स्काय, स्किन, लेग, नाइफ, एग, केक, विंडो हे शब्द नॉर्स. ‘विंडो’ म्हणजे ‘विंदाउगा’, वाऱ्याचा डोळा. शर्ट आणि स्कर्ट ही एकाच मूळ शब्दाची इंग्रजी आणि नॉर्स रूपे, दोन्ही इंग्रजीत राहिली. घेणे, देणे, मिळणे, मरणे यांसाठीची इंग्रजी क्रियापदेही नॉर्सच्या प्रभावाखाली घडली. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही सर्वनामे. फारसीने मराठीला हजारो शब्द दिले. माधवराव पटवर्धनांना त्यांचा कोश करावा लागला. जमीन, दुकान, हवा, शाई, सगळे आले. ‘ते’ आणि ‘त्यांचे’ यांच्या जागी मात्र फारसी सर्वनाम आले नाही. सर्वनाम दरबारातून येत नाही. चुलीपाशी, गोठ्यात, बाजारात दोन बोली रोज एकमेकींवर आदळल्या तरच ते बदलते.

या दोन बोली एकमेकींना कळतही होत्या, असे मॅथ्यू टाउनएंड यांनी २००२ मध्ये तपशिलाने दाखवले. इंग्रजांनी नॉर्स नावे ऐकली आणि आवाजांची जुळवाजुळव करून आपल्या बोलीत बसवली. परकी भाषा मुळीच न कळणाऱ्याला हे जमत नाही. मालवणी आणि मराठी, कोकणी आणि मराठी यांचा व्यवहार सीमेवर चालतो, तसे काहीसे दुभाष्याविना चालले असावे. म्हणूनच इथे नॉर्स भाषा लढून हरली नाही. ती इंग्रजीत विरघळली. यॉर्कशरमधल्या कर्कडेल गावच्या चर्चवर अकराव्या शतकातले एक सूर्यघड्याळ आहे. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा ओर्म, त्याच्या बापाचे नाव गामाल. दोन्ही नावे अस्सल नॉर्स. लेख मात्र जुन्या इंग्रजीत. डेनांचे वंशज १०६० च्या सुमारास इंग्रजीत देऊळ बांधल्याची पाटी लावत होते.

आता कुठे पोहोचलो

इतक्या पुराव्यानंतर दोन्ही टोकांची मते मागे पडली आहेत. डेनलॉ म्हणजे डेनांनी भरून टाकलेला मुलूख, हे वर्सो-स्टेंटनचे चित्र टिकत नाही. काहीशे सरदार आणि त्यांचे नावबदल, हे सॉयरचे चित्रही टिकत नाही. सॉयरचा प्रश्न मात्र बरोबर होता. गावाच्या नावावरून लोकसंख्या मोजता येत नाही, हे त्याने सांगितले आणि त्यामुळेच पुढच्यांना गावाच्या नावापलीकडे बघावे लागले. मोठी नावे कोणाचे राज्य होते, दप्तर कोणाच्या हाती होते, जहागिरी कधी फुटली हे सांगतात. कसणारा कोण, हे सांगतात ती बारीक नावे : ओढ्याचे, बांधाचे, वाफ्याचे. ‘बी’ हा शब्द स्वतः या दोन्हींच्या मधोमध बसला आहे. डर्बीत तो राज्यकर्त्याचा, हेल्परबीत घरचा आणि अ‍ॅग्लिअन्बीत निव्वळ त्या भागाच्या रिवाजाचा. प्रत्येक ‘बी’ची चौकशी वेगळी करावी लागते.

ही चौकशी होऊ शकते, कारण कागद आहेत. १८३६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये चर्चच्या दशांशाचे रोख रकमेत रूपांतर करायचे ठरले, तेव्हा गावोगावचे नकाशे निघाले आणि शेताचे तुकडे त्यांच्या नावानिशी नोंदले गेले. हेतू दशांशाची रक्कम ठरवण्याचा होता. भाषाशास्त्राला त्यातून खजिना मिळाला. आपल्याकडे तुकडेजोड झाली तेव्हा शेतांची जुनी नावे मागे पडून गट क्रमांक आले. चिंचेचा मळा, भुताचा वाफा, पाटलाचे टेप ही नावे आता म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, सातबाऱ्यावर सहसा नाहीत. महाराष्ट्रात यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे आणि इंग्रज यांच्या काळांत कोण कुठून येऊन कुठे स्थिरावले, कन्नडची हद्द कुठवर होती, धनगर कोणत्या माळावर थांबले, याची उत्तरे बुद्रुक-खुर्दमध्ये मिळणार नाहीत. ती त्या शिवारातल्या नावांत आहेत. तालुकावार, गावाच्या वहीत, जागा दाखवून ती उतरवून घेण्याचे काम महाविद्यालयातली मुलेही एका उन्हाळ्यात करू शकतील. इंग्रजांनी ते सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दशांशापायी केले. आपल्याला ते आता अभ्यासापायी करायला हवे.